कुटुंबप्रमुखाचा रकाना

ऑगस्ट २०१९ मधला कोल्हापूर-सांगलीचा पूर आठवतोय ना? पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही एकदम चढल्या आणि आमच्या तालुक्यातली गावंच्या गावं उठून उंचावरच्या शाळांमध्ये आली. अशाच एका शाळेत आमच्या महिला मंडळाच्या आम्ही सातजणी होतो. कुणी भाकऱ्या गोळा करायच्या मागे, कुणी तान्ह्या बाळांच्या दुधाच्या. माझं अक्षर बरं, म्हणून रजिस्टर माझ्या गळ्यात पडलं.

लांब वही घेतली, पट्टीनं रकाने आखले. अनुक्रमांक, कुटुंबप्रमुखाचे नाव, गाव, माणसे किती, त्यात लहान मुले किती, मोबाईल नंबर. हे रकाने मला कुणी सांगितले नव्हते. आपल्याकडचे सगळे अर्ज असेच असतात, त्यामुळे हात आपोआप तसाच चालला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई टेबलापाशी आली. तिशीची असेल. कडेवर एक, हाताला एक. सूतगिरणीत कामाला, भाड्याच्या खोलीत राहणारी.

"नाव सांगा मालकांचं," मी म्हटलं.

"माझंच लिवा की ताई. त्येंचं नगं."

"अगं, पूर्ण नाव लागतं. उद्या पंचनाम्याला तुलाच अडचण येईल."

ती गप्प बसली. मग हळू आवाजात पूर्ण नाव सांगितलं. तिचं, नवऱ्याचं, आडनाव. मी ठळक अक्षरात लिहिलं. संध्याकाळी गावोगावचे नातेवाईक चौकशीला येऊ लागले, म्हणून मीच त्या यादीची स्वच्छ प्रत काढली आणि शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर लावली. सगळ्यांनी कौतुक केलं. काम कसं पद्धतशीर!

ती बाई मार खाऊन घर सोडून आली होती. ती कुठे राहते हे नवऱ्याला वर्षभर माहीत नव्हतं. त्याच्या गावाहून भाकऱ्या घेऊन आलेल्या कुणीतरी भिंतीवरचं नाव वाचलं. तिसऱ्या दिवशी तो दोन माणसं घेऊन शाळेत हजर. तमाशा नको म्हणून ती मुकाट्यानं निघाली. मोठ्या मुलाची एक चप्पल सापडत नव्हती, ती शोधायलासुद्धा थांबली नाही. मी टेबलाशी बसून होते. समोर वही होती.

मैत्रिणींनो, ही गोष्ट मी बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती. पण तेव्हापासून एक नाद लागला. ज्यांचं काम लाखो लोकांची अशी नोंदणी करण्याचं असतं, ते ती कशी करतात? आपल्या पूरग्रस्तांचं एक बरं असतं. पाणी ओसरलं की घर तिथेच असतं, मागे तलाठी असतो, रेशन कार्ड भिजलं तर दुसरं निघतं. पण ज्यांचा देशच सुटला, त्यांचं काय? घरातली कामं आवरून मिळेल ते वाचत गेले. त्यात सगळ्यात जास्त अडकले ते बांगलादेशातल्या रोहिंग्यांपाशी.

रोहिंग्या म्हणजे म्यानमारच्या राखाइन प्रांतातले मुसलमान. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले. पण १९८२ च्या नागरिकत्वाच्या कायद्यानंतर त्यांच्यापैकी बहुतेकांना नागरिक मानलंच गेलं नाही. जुनी ओळखपत्रं गेली, १९९५ पासून तात्पुरती पांढरी कार्डं आली, आणि २०१५ मध्ये तीही रद्द झाली. घरटी एक यादी तेवढी असायची. सरकारी माणसं येऊन ती तपासायची. कोण जन्मलं, कोण मेलं, कोण रात्री घरी नव्हतं. काही भागांत दोनच मुलांचं बंधन होतं, त्यामुळे कितीतरी मुलं त्या यादीत लागलीच नाहीत. म्हणजे नोंद होती ती पहारा ठेवायला, हक्क द्यायला नाही. हा फरक आधी लक्षात घ्या, पुढे लागणार आहे.

२५ ऑगस्ट २०१७ नंतर तिथे लष्करानं जे केलं, गावं जाळली, माणसं मारली, बायकांवर अत्याचार केले, त्यातून काही महिन्यांत सात लाखांहून जास्त माणसं सीमा ओलांडून कॉक्स बझार जिल्ह्यात आली. आधी आलेले होतेच. कुतुपालोंगच्या टेकड्यांवर बांबू आणि ताडपत्रीची वसाहत उभी राहिली, जगातली सगळ्यात मोठी निर्वासितांची छावणी. आता एवढ्या माणसांना तांदूळ वाटायचे तर आधी मोजायला नको? बांगलादेश सरकारनं सप्टेंबरमध्ये ठसे घ्यायला सुरुवात केली. ऑक्टोबरपासून संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेची, म्हणजे यूएनएचसीआरची, माणसं झोपडीझोपडीत जाऊन कुटुंबं मोजू लागली. आणि जून २०१८ पासून दोघांनी मिळून पक्की नोंदणी सुरू केली.

ती कशी चालते हे वाचताना मला आमची शाळाच दिसत होती. अख्खं कुटुंब एकत्र बोलवायचं. प्रत्येकाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव, जन्मतारीख. कुणी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जुनी घरयादी आणलेली असते, कुणाची घराबरोबर जळालेली. मग फोटो, बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांचं चित्र. बुबुळ कशाला, असं मला वाटलं होतं. पण आपल्या रेशन दुकानात बघा ना. भांडी घासून, ऊस भांगलून झिजलेला आपल्या बायकांचा अंगठा त्या मशीनवर कुठे उमटतो? चारदा पदराला पुसून, पाचव्यांदा दाबून, शेवटी "उद्या या." काबाडकष्ट करणाऱ्यांची बोटं सगळीकडे सारखीच. बुबुळ झिजत नाही.

जन्मतारखेची गंमत तर ऐकाच. माझ्या सासूबाईंची जन्मतारीख १ जून. त्यांच्या जावेची १ जून. शेजारच्या आक्कांचीही १ जून! शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली. निर्वासितांच्या नोंदणीत तेच काम १ जानेवारी करते. तारीख सांगता आली नाही की वर्षाचा अंदाज आणि १ जानेवारी. आपण हसून सोडून देतो, पण छावणीत त्या अंदाजावर बरंच अवलंबून असतं. मुलगी सतराची लिहिली की एकोणिसाची, यावर ती अल्पवयीन म्हणून तिच्याकडे वेगळं लक्ष दिलं जाईल की नाही ते ठरतं.

आणि नावं! रोहिंग्यांमध्ये आडनाव नसतं. लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. नवऱ्याचं नाव एक, बायकोचं भलतंच, मुलांची आणखी वेगळी. खातून आणि बेगम तर शेकड्यांनी. त्यामुळे नोंद करणाऱ्याला आईवडिलांची नावं विचारून धागा जुळवावा लागतो आणि सगळ्यांना मिळून कुटुंबाचा एक क्रमांक द्यावा लागतो. मला याचा थोडा हेवाच वाटला. जन्मापासून मरेपर्यंत एकच नाव! आपल्याकडे लग्न झालेल्या मुलीला आधी माहेरच्या रेशन कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागतो, तेव्हा कुठे सासरच्या कार्डावर नाव चढतं. मधल्या काळात ती कुठेच नसते. हा दाखला काढून द्यायला मी किती पोरींबरोबर तहसील कचेरीत गेले असेन! एकीचं तर मूल रांगायला लागलं तरी आईचं नाव कार्डावर नव्हतं.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. निर्वासितांच्या कामातही पूर्वी हा कुटुंबप्रमुखाचा रकाना होताच. नाव पुरुषाचं, कार्ड पुरुषाच्या हातात, बायकामुलं म्हणजे त्याखालचे आकडे. त्यानं शिधा विकला, दुसरी केली, सोडून गेला, तर हिच्या हातात काय? ती त्या छावणीत आहे याचासुद्धा पुरावा नाही. २००१ मध्ये यूएनएचसीआरनं निर्वासित स्त्रियांना पाच वचनं दिली. त्यातलं एक हे, की प्रत्येक स्त्रीची आणि पुरुषाची नोंद वेगवेगळी होईल आणि प्रत्येकाला स्वतःचा कागद मिळेल. (त्या पाचांत सॅनिटरी पॅडचंही वचन आहे. कुणीतरी बाईमाणूस बैठकीला हजर असणार!) त्याच वर्षी त्यांच्या कार्यकारी समितीनं नोंदणीबद्दल ठराव केला. नोंदणीची जागा सुरक्षित हवी, कुणाला दडपण वाटता कामा नये, माहिती गुप्त राहिली पाहिजे, आणि नोंद घेणाऱ्यांत बायकाही हव्यात. नवऱ्यापुढे, दिरापुढे बाई काय बोलणार? तिला बाजूला घेऊन एका बाईनंच विचारलं तर ती सांगेल. २००१ सालचं आहे हे सगळं. मी २०१९ मध्ये टेबल टाकून बसले होते आणि मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

कॉक्स बझारला बारा वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड मिळालं. बाईला तिचं, सासूला तिचं, पोरीला तिचं. ऑगस्ट २०१९ पर्यंत, म्हणजे नेमकं आमच्या पुराच्याच महिन्यात, पाच लाखांहून जास्त लोकांची अशी नोंद झाली होती. त्यातल्या कितीतरी जणांना आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचा फोटो असलेलं ओळखपत्र मिळत होतं. एखादीला आपलं नाव छापलेलं पहिल्यांदा चाळिशीत दिसत असेल तर तिला काय वाटत असेल, याचा मी विचार करत बसते. आपण निराधार योजनेचं पासबुक हातात पडलेल्या म्हातारीचा चेहरा बघितलेला असतो, त्यावरून थोडी कल्पना येते.

सगळीकडे असं झालेलं नाही. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी १९५० पासून काम करणारी जी वेगळी संस्था आहे, यूएनआरडब्ल्यूए, तिच्या दप्तरी निर्वासितपण बापाकडून मुलाकडे जातं. नोंदलेल्या बाईनं बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं तर तिची मुलं निर्वासित म्हणून लागत नाहीत. २००६ पासून अशा मुलांना शाळा-दवाखान्याच्या सेवांसाठी नोंदवून घेऊ लागले, पण मूळ नियम तोच राहिला. वंशाचा दिवा तिथेही आहे म्हणायचा!

तरी मला वाटायचं, की कागद मिळाला म्हणजे बाई सुटली. आम्ही समाजकार्यवाल्या सारख्या कागदाच्याच मागे असतो ना. आधार काढा, खातं उघडा, सातबाऱ्यावर नाव लावा. मग केनियाबद्दल वाचलं.

केनियात गारिसा भागात दादाब नावाची सोमाली निर्वासितांची मोठी छावणी आहे, १९९१ पासूनची. आजूबाजूला राहणारे केनियाचेच नागरिकही वंशानं सोमाली, आणि तसेच गरीब. दुष्काळ पडला, जनावरं मेली. छावणीत धान्य मिळतं, दवाखाना आहे, शाळा आहे. मग आईबापांनी पोराबाळांना घेऊन छावणी गाठली, आम्हीही निर्वासित म्हणून नाव लावलं, बोटांचे ठसे दिले. खोटं बोलले का? बोलले. पोर भुकेनं रडत असताना मी काय केलं असतं, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ती पोरं अठराची झाली, केनियाचं राष्ट्रीय ओळखपत्र काढायला गेली. मशीननं ठसे जुळवले आणि सांगितलं, तुम्ही तर निर्वासित! हजारो तरुण असे अडकले. स्वतःच्याच देशात ओळखपत्र नाही, म्हणून नोकरी नाही, बँकेत खातं नाही, पोलिसांनी अडवलं तर दाखवायला काही नाही. आईनं एका पोत्यासाठी दिलेला लेकराचा अंगठा पंधरा वर्षांनी आडवा आला. त्या दिवशी तिला हे कुणी समजावून सांगितलं असेल का?

रोहिंग्यांनाही हीच भीती होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये छावणीत या कार्डांविरुद्ध संप झाला, दुकानं बंद राहिली. एक तर कार्डावर 'रोहिंग्या' हा शब्दच नव्हता. बांगलादेश सरकार त्यांना 'सक्तीने विस्थापित झालेले म्यानमारचे नागरिक' म्हणतं. ज्या नावासाठी मार खाल्ला तेच गाळलेलं! आणि दुसरं म्हणजे, आमची माहिती म्यानमारला देऊ नका, हे त्यांचं म्हणणं होतं. ज्या सरकारची माणसं घरयादी घेऊन रात्री दारात यायची, त्याच्याच हातात आमचे ठसे नकोत. संस्थेनं समजूत घातली की कार्ड तुमच्या रक्षणासाठीच आहे, मनाविरुद्ध परत पाठवण्यापासून ते वाचवेल. हळूहळू लोकांनी नोंदणी केली. शिधा तर लागतोच.

जून २०२१ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेनं अहवाल काढला. त्यांच्या म्हणण्यानुसार बांगलादेश सरकारनं किमान ८ लाख ३० हजार जणांची नावं आणि ठसे वगैरे माहिती म्यानमारकडे दिली होती, परत कोणाला घ्यायचं ते तपासण्यासाठी. त्यांनी ज्या चोवीस जणांशी सविस्तर बोलणं केलं, त्यांच्यापैकी बहुतेकांना माहिती अशी पुढे जाणार हे कळलंच नव्हतं. नोंदणीनंतर हातात पावती दिली होती. त्यावर 'माहिती म्यानमारला द्यायला हरकत नाही' अशा अर्थाच्या चौकटीत खूण होती. पावती इंग्रजीत! यूएनएचसीआरनं हे आरोप मान्य केले नाहीत. आम्ही प्रत्येकाला वेगळं विचारलं होतं, नाही म्हणायची मुभा होती, शिध्याचा त्याच्याशी संबंध नव्हता, असं त्यांचं उत्तर. असेलही. पण मी त्या टेबलाच्या अलीकडे बसलेली बाई आहे. पुढे शंभर माणसं रांगेत, पाऊस, रडणारी मुलं, आणि "हो ना? हो ना?" करत भराभर खुणा मारणारा हात. समोरची मान हलवते. भूक लागलेली बाई कशालाही मान हलवते. त्याला होकार म्हणायचं का? मला नाही वाटत.

नोंदणी नको असं मी म्हणतच नाही. नोंद नसेल तर धान्य दांडग्यांच्या घरात जातं, हरवलेलं मूल आईपर्यंत पोचत नाही, विधवेला कुणी विचारत नाही. कॉक्स बझारमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये म्यानमारमधल्या लढाईमुळे पुन्हा सुमारे दीड लाख नवी माणसं आली, तीही याच टेबलांपुढे उभी राहिली. त्यांनाही आधी शिधा हवा होता, आणि शिध्यासाठी नाव.

जुलै २०२१ मध्ये आमच्याकडे पुन्हा पाणी आलं. कोरोनाचे दिवस, तोंडाला मास्क, आणि परत तीच शाळा. वही परत माझ्याकडेच. या वेळी मी आदल्या रात्री घरी बसून रकाने आखले. कुटुंबप्रमुखाचा रकानाच ठेवला नाही. प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतःची ओळ. नाव ती सांगेल ते, तेवढंच. शेवटी एक छोटा रकाना, कुणी विचारायला आलं तर सांगायचं का? हो किंवा नाही. टेबल व्हरांड्यातून उचलून आतल्या खोलीत नेलं आणि बायकांची रांग वेगळी केली. यजमान म्हणाले, "किती पानं लागणार तुला!" लागली. दुप्पट लागली.

पहिल्याच तासाला एक म्हातारी म्हणाली, "हे बगा बाई, इचारायला आलं तर पोरीला सांगा, ल्योकाला नगं." मी 'नाही' लिहून समोर 'मुलीला हो' असं बारीक अक्षरात लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. तिनं वहीवर बोट ठेवून विचारलं, "ह्यात हाय न्हवं तसं?" तिला वाचता येत नव्हतं. तरी ती ओळ तिनं नीट बघून घेतली.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी आठवडी बाजारात ती सूतगिरणीवाली दिसली. मी हाक मारली. तिनं वळून बघितलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि ओळख न देता भाजीवाल्यांच्या गर्दीत गेली. मुलं बरोबर नव्हती.

पुराच्या त्या शाळेत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरपंच आले होते. बाहेर माणसं जमली होती, कुणी भावाला शोधत होतं, कुणी आईला. "वहिनी, यादी भिंतीला लावून टाका की," ते म्हणाले, "मागल्या टायमाला लई सोय झाली हुती."

"यादी नको," मी म्हटलं. "माणसांना एकेक करून आत पाठवा. ज्याला ज्याचं सांगायचं, त्याचं सांगते."

ते जरा नाराज झाले. बाहेर रांग लागली ती रात्री नऊपर्यंत.